मीटर कुठे लावलंय? फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड पॉवर मोजायला शिकताना

एसडब्ल्यूआर (केबलमधल्या उभ्या लहरींचं गुणोत्तर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो याचं माप) एकास एक आला की अँटेना उत्तम, ही समजूत इंदूरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत चांगलीच मुरलेली आहे. नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच: “काटा खाली आण भिया, बाकी सब बढिया.” सल्ला अर्धाच खरा आहे. ५० ओहमचा डमी लोडही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) एकास एक दाखवतो, पण त्यावरून बोललेलं राजेंद्र नगरहून राजवाड्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. मीटर एवढंच सांगतं की ते जिथे लावलंय तिथून किती पॉवर पुढे गेली आणि तिथे किती परत आली. पुढे गेलेली पॉवर आकाशात गेली, केबलमध्ये तापून संपली की जमिनीत मुरली, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला शोधायचं असतं. पुढच्या पायऱ्या त्या शोधासाठीच आहेत.

सुरू करण्याआधी परवान्याचा मुद्दा. ट्रान्समीटर चालवायला हौशी रेडिओचा परवाना लागतो, मोजमापासाठी दोन सेकंद पीटीटी (प्रसारण सुरू करणारं बटण) दाबायचं असलं तरी. तो हातात येईपर्यंत ओळखीच्या परवानाधारकाच्या शॅकवर (रेडिओच्या खोलीत), त्यांच्या देखरेखीखाली शिका. चाचणी करताना आधी फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका, विचारा आणि मग कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) सांगूनच कॅरिअर (आवाजाविना नुसती रेडिओ लहर) सोडा. सात मेगाहर्ट्झवर भर सकाळी गप्पा रंगलेल्या असताना कोणी मधेच शिट्टी सोडली, तर लोक ते बराच काळ लक्षात ठेवतात.

मीटरच्या आत काय चालतं

हे कळलं की पुढचे निम्मे गोंधळ होत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

फीडरमध्ये, म्हणजे रिग (रेडिओ संच) आणि अँटेना जोडणाऱ्या केबलमध्ये, दोन लहरी असतात, एक रिगकडून अँटेनाकडे जाणारी आणि दुसरी अँटेनाकडून परत येणारी. मीटरला त्या वेगवेगळ्या दिसत नाहीत. त्याला त्या जागेचा एकूण व्होल्टेज आणि एकूण करंट तेवढा मिळतो. मीटरमधल्या छोट्या टोरॉइडमधून (कडीच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यातून) फीडरची मधली तार आरपार जाते. ती तार म्हणजे एका वेढ्याची प्रायमरी, आणि टोरॉइडवरच्या वेढ्यांतून करंटचा नमुना मिळतो. व्होल्टेजचा नमुना दोन कपॅसिटरच्या विभाजकातून घेतात. पुढे जाणाऱ्या लहरीत व्होल्टेज आणि करंट एकाच दिशेने चालतात, परतणाऱ्या लहरीत करंटचं चिन्ह उलटं होतं. म्हणून दोन्ही नमुने मिळवले की फॉरवर्ड निघते आणि वजा केले की रिफ्लेक्टेड. पुढे एकेक डायोड लावून त्यांचं डीसी करायचं आणि काट्याला द्यायचं. कॉलिन्स रेडिओ कंपनीतले इंजिनिअर वॉरन ब्रूनी यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. हॅमच्या टेबलावरची बरीचशी एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झची) मीटरं याच घराण्यातली आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. हे बेरीज-वजाबाकीचं गणित ५० ओहम धरून जुळवलेलं असतं, त्यामुळे मीटरची ‘रिफ्लेक्टेड’ म्हणजे ५० ओहमच्या तुलनेतली रिफ्लेक्टेड. आणि डायोडला वाहायला सुरुवात करण्यासाठी थोडा व्होल्टेज लागतो. जर्मेनियम किंवा शॉट्की डायोडला तो कमी लागतो, पण लागतोच. म्हणून फार कमी पॉवरवर काटा हलत नाही आणि रिफ्लेक्टेड शून्य दिसते. पाच वॅटच्या हँडीवर (हातातल्या संचावर) मोठ्या रेंजचं मीटर लावून ‘रिफ्लेक्टेड काहीच नाही’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा डायोडची झोप दिसत असते, अँटेनाचा चांगुलपणा नव्हे.

पायरी १: मीटर निवडा

दोन गोष्टी बघा, फ्रीक्वेन्सीची रेंज आणि पॉवरची रेंज. डायमंडचं एसएक्स-२०० हे १.८ ते २०० मेगाहर्ट्झचं मीटर आहे, म्हणजे एचएफ आणि १४५ मेगाहर्ट्झ दोन्हीला चालतं. एसएक्स-४०० हे १४० ते ५२५ मेगाहर्ट्झचं. ते सात मेगाहर्ट्झला लावलंत तर आकडा दिसेल, पण त्याला अर्थ नसेल. एका काट्याच्या मीटरवर आधी फॉरवर्डला कॅलिब्रेशनचा नॉब फिरवून काटा टोकाच्या खुणेवर आणायचा, मग रिफ्लेक्टेडला स्विच टाकून एसडब्ल्यूआर वाचायचा. पॉवर किंवा बँड बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. डाइवाच्या सीएन-१०१ सारख्या आडव्या-तिडव्या दोन काट्यांच्या मीटरवर एक काटा फॉरवर्ड दाखवतो आणि दुसरा रिफ्लेक्टेड. दोघे जिथे एकमेकांना छेदतात तिथली रेघ म्हणजे एसडब्ल्यूआर. नव्या माणसाला मी हेच सुचवीन, कारण दोन्ही वॅट एकदम डोळ्यासमोर राहतात आणि नजर नुसत्या एसडब्ल्यूआरवर अडकत नाही.

बर्ड ४३ हे जुनंजाणतं, वजनदार मीटर कोणाकडे वापरायला मिळालं तर सोडू नका. त्यात पॉवर आणि बँडप्रमाणे वेगवेगळे स्लग (मोजमाप करणारे, काढता-घालता येणारे प्लग) बसतात. स्लगवरचा बाण अँटेनाकडे केला की फॉरवर्ड आणि १८० अंशांत फिरवला की रिफ्लेक्टेड. त्याची अचूकता पूर्ण स्केलच्या पाच टक्के असते, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. १०० वॅटच्या स्लगवर चूक पाच वॅटपर्यंत असू शकते. त्यावर रिफ्लेक्टेड चार वॅट दिसली तर खरी पॉवर शून्य ते नऊ वॅट यांत कुठेही असेल, म्हणजे १०० वॅट फॉरवर्डला एसडब्ल्यूआर १ ते १.८६ यांतला कोणताही. रिफ्लेक्टेडसाठी १० वॅटचा स्लग लावा. पण तो फॉरवर्डकडे वळवून १०० वॅट सोडू नका, महाग पडतं.

पायरी २: डमी लोड

मीटरइतकाच डमी लोडही गरजेचा आहे. तयार घ्यायचा नसेल तर १ किलोओहम, २ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहम आणि ४० वॅट होतात. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल ऑक्साइड फिल्मचे घ्या. वायरवाउंड नकोत, त्यात कॉइल असते आणि आरएफला ती ५० ओहम दिसत नाही. पायाच्या तारा जितक्या आखूड ठेवता येतील तितक्या ठेवा. सात मेगाहर्ट्झला असा घरगुती लोड मजेत चालतो, पण १४५ ला तारांची लांबी त्रास देऊ लागते, तिथे तयार लोड बरा. तापलेल्या लोडला हात लावू नका.

पायरी ३: आधी मीटरचीच परीक्षा

जोडणीचा क्रम असा: रिग, आखूड जंपर, मीटरची ट्रान्समीटरकडची बाजू, अँटेनाकडची बाजू, डमी लोड. रिगमध्ये ऑटो ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवून देणारं सर्किट) असेल तर तो बंद करा. एचएफवर सीडब्ल्यू (मोर्स) किंवा आरटीटीवाय (टेलिटाइप), व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झसारख्या बँडवर) एफएम ठेवा, म्हणजे कॅरिअर स्थिर राहील. एसएसबीवर (एचएफवरच्या बोलण्याच्या पद्धतीवर) ‘हॅलो हॅलो’ म्हणत मोजू नका. साधं मीटर सरासरीच्या मागे धावतं, आवाजाची शिखरं त्याच्या हाती लागत नाहीत, आणि १०० वॅटची रिग ३० दाखवते म्हणून लोक उगाच दुरुस्तीवाल्याकडे जातात.

पॉवर १० वॅटवर ठेवून पीटीटी दाबा. फॉरवर्ड दहाच्या आसपास आणि रिफ्लेक्टेड जवळजवळ शून्य दिसायला हवी. पीटीटी सोडा, मीटर उलटं जोडा, म्हणजे रिग अँटेनाच्या बाजूला आणि लोड ट्रान्समीटरच्या बाजूला, आणि पुन्हा दाबा. आता आकड्यांची अदलाबदल व्हायला हवी. झाली नाही, किंवा एका दिशेला १० आणि दुसऱ्या दिशेला ७ आली, तर कुठलातरी डायोड किंवा संतुलनाचा ट्रिमर बिघडलेला आहे. ही परीक्षा फुकटची आहे, तरी फार थोडे लोक ती करतात.

याच वेळी मीटरची डायरेक्टिव्हिटी ध्यानात घ्या, म्हणजे फॉरवर्डचा किती अंश चुकून रिफ्लेक्टेडमध्ये गळतो. ती २० डीबी (डेसिबेल, दोन पॉवरच्या प्रमाणाचं माप) असेल तर फॉरवर्डचा एक टक्का गळतो आणि अगदी निर्दोष लोडलाही मीटर १.२२ एसडब्ल्यूआर दाखवतं. ३० डीबीला तोच आकडा १.०७ वर येतो. त्यामुळे साध्या मीटरवर १.१ आणि १.२ यांतल्या फरकासाठी गच्चीवर चकरा मारण्यात काही हशील नाही.

पायरी ४: आता अँटेना

डमी लोड काढा, फीडर लावा. कॅरिअर चालू असताना कुठलाही कनेक्टर काढायचा नाही. फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड दोन्ही वॅटमध्ये लिहा, फ्रीक्वेन्सीसकट. एसडब्ल्यूआर नंतर काढता येतो: रिफ्लेक्टेडला फॉरवर्डने भागा, वर्गमूळ घ्या. एक अधिक ते वर्गमूळ, भागिले एक वजा ते वर्गमूळ. १०० वॅट पुढे जात असताना

१ वॅट परत आला तर १.२२
४ वॅट परत आले तर १.५
११ वॅट परत आले तर २
२५ वॅट परत आले तर ३

दीडचा एसडब्ल्यूआर ऐकून नवा माणूस हिरमुसतो, पण परत येतात ते शंभरातले चारच वॅट, आणि तेही जळून जात नाहीत. केबल आखूड आणि चांगली असेल तर परतलेली लहर रिगच्या किंवा ट्यूनरच्या टोकाला आपटून पुन्हा अँटेनाकडे वळते. तोटा होतो तो जास्तीच्या फेऱ्यांत केबल जेवढी खाते तेवढाच. ‘रिफ्लेक्टेड पॉवर फायनल ट्रान्झिस्टर जाळते’ हेही सरसकट खरं नाही. चुकीच्या लोडमुळे ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज किंवा करंट वाढतो, आणि तो वाढू नये म्हणून एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे सरकू लागला की आधुनिक रिग स्वतःच पॉवर कमी करते. ही कपात लक्षात न घेता ‘आज फॉरवर्डच कमी येतेय’ म्हणून भलतीकडे शोध सुरू होतो.

सात मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध फीडर जोडलेला तारेचा अँटेना) साधारण २० मीटर लांब होतो. त्याचं मोजमाप एका जागी न करता ७.०२, ७.१० आणि ७.१८ अशा तीन ठिकाणी करा. रिफ्लेक्टेड सर्वांत कमी खालच्या टोकाला असेल तर तार लांब आहे, वरच्या टोकाला असेल तर आखूड. कापण्याआधी तार दुमडून बघा. सियागंजात तार हवी तेवढी मिळते, पण गच्चीवर कापलेला तुकडा पुन्हा जोडताना जीव जातो.

ट्यूनर वापरत असाल तर मीटर त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. रिग आणि ट्यूनरच्या मधल्या मीटरवर ट्यून झाल्यावर एकास एक दिसेल, पण ट्यूनरच्या पुढच्या केबलवर एसडब्ल्यूआर होता तेवढाच आहे. मीटर ट्यूनरच्या पुढे लावलंत तर गंमत दिसेल. लाइनवर एसडब्ल्यूआर ३ असेल तर १०० वॅटच्या रिगवर फॉरवर्ड १३३ आणि रिफ्लेक्टेड ३३ दिसते (ट्यूनर आणि केबलचा तोटा सोडून). तेहतीस वॅट कुठून जन्माला आलेले नाहीत. परतलेली पॉवर पुन्हा पुढे जाताना फॉरवर्डमध्ये मोजली जाते, आणि दोन्हींची वजाबाकी शंभरच येते. अँटेनाकडे खरोखर गेलेली पॉवर हवी असेल तर ही वजाबाकीच करायची असते.

पायरी ५: मीटर घेऊन गच्चीवर जा

ही पायरी लोक टाळतात आणि खरी माहिती इथेच मिळते.

आरजी-५८ ही बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डीबी खाते. दोन मजली घराच्या गच्चीवरच्या मास्टपासून शॅकपर्यंत ३० मीटर लागली तर झाले ६ डीबी. म्हणजे २० वॅट सोडले की वर ५ पोचतात. आता समजा वरचा कनेक्टर निसटलाय आणि अँटेना जोडलेलाच नाही. वर पोचलेली सगळी पॉवर परत फिरेल, पण येताना पुन्हा ६ डीबी गमावेल. शॅकमधल्या मीटरवर फॉरवर्डचा सोळावा हिस्सा परतलेला दिसेल, म्हणजे एसडब्ल्यूआर सुमारे १.७. खांबाला अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतंय ठीकठाक आहे! तीच ३० मीटर आरजी-२१३ असती तर तोटा पावणेतीन डीबीच्या आसपास राहिला असता आणि निम्म्याहून थोडी जास्त पॉवर वर पोचली असती. सात मेगाहर्ट्झला मात्र आरजी-५८ तेवढ्या लांबीत सव्वा डीबीच्या आसपासच खाते, तिथे तिच्यावर राग धरण्याचं कारण नाही.

म्हणून केबलचा तोटा एकदा मोजून ठेवा. केबलच्या वरच्या टोकाला अँटेनाऐवजी मीटर आणि मीटरच्या पुढे डमी लोड लावा. खाली मदतनीस पाच-दहा वॅटचं कॅरिअर सोडेल, तुम्ही वर आकडा वाचा. मग मीटर खाली शॅकमध्ये लावून त्याच पॉवरवर पुन्हा वाचा, डमी लोड वरच राहू द्या. दोन फॉरवर्ड आकड्यांच्या भागाकारावरून डीबी काढा: निम्मी पॉवर म्हणजे ३, चौथाई म्हणजे ६. मग वर, अँटेनाच्या पायथ्याशी मीटर ठेवून एसडब्ल्यूआर मोजा. अँटेनाबद्दल मीटर जे काही सांगू शकतं ते इथेच सांगतं.

गच्चीवर दोघांनी जायचं, आणि खाली पीटीटीवर कोण बसलंय ते आधी ठरवायचं. कॅरिअर चालू असताना अँटेनाला स्पर्श नाही, लोखंडी मास्ट पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर ठेवायचं, आणि मे-जूनमधल्या वळवाच्या ढगांत हे काम काढायचं नाही.

आकडे विचित्र आले तर

केबलची लांबी बदलली की एसडब्ल्यूआर बदलतो? लाइनचा तोटा नगण्य असेल तर तो बदलायला नको. बदलत असेल, किंवा केबलला हात लावल्यावर काटा हलत असेल, तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय आणि केबलच अँटेनाचा भाग झाली आहे. फीडपॉइंटजवळ (केबल अँटेनाला जोडते तिथे) फेराइटवर केबलचे काही वेढे घेऊन चोक करा आणि पुन्हा मोजा.

केबल टीव्हीवाल्यांची आरजी-६ स्वस्तात मिळते, वापरायलाही हरकत नाही, पण ती ७५ ओहमची आहे. अँटेना नेमका ५० ओहमचा असला तरी केबल पाव तरंगलांबीची झाली की मीटरला ११२ ओहमच्या आसपास दिसतात आणि एसडब्ल्यूआर २.२५ येतो. अर्ध्या तरंगलांबीला परत ५० दिसतात. अशा वेळी अँटेना कापत बसू नका.

जमिनीवरचा पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल (उभा अँटेना) सर्वांत फसवा. उत्तम जमिनीवर त्याचा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास असतो, एसडब्ल्यूआर १.४. रेडियल (पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) कमी आणि जमिनीचा तोटा १४ ओहम असेल तर बेरीज बरोब्बर ५० होते. मीटर एकास एक दाखवतं आणि पॉवरचा चौथाईहून जास्त भाग माळव्याची काळी माती तापवण्यात जातो. रेडियल वाढवले की एसडब्ल्यूआर बिघडतो आणि सिग्नल सुधारतो. ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे मे महिन्यातला आकडा ऑगस्टमध्ये तसाच राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

नॅनोव्हीएनए किंवा अँटेना ॲनालायझर (अँटेना तपासणारी छोटी उपकरणं) असेल तर उत्तम, पण त्यांचा स्वतःचा सिग्नल अगदी इवलासा असतो. आकाशवाणी इंदूरच्या ६४८ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींसारखा जवळचा दमदार सिग्नल लांब तारेवर उतरला की काही ॲनालायझर, विशेषतः खालच्या बँडवर, भलतेच आकडे दाखवतात. तिथे पन्नास वॅट सोडून घेतलेलं साध्या मीटरचं वाचन जास्त विश्वासाचं.

आपल्याच गावात हे मोजमाप कुठल्या पातळीवर चालतं ते जाता जाता. राजेंद्र नगरच्या पुढे कॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात, इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्राच्या) कॅव्हिटींना (इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देणाऱ्या पोकळ्यांना) ५०५.८ मेगाहर्ट्झवर किलोवॅटच्या हिशेबात आरएफ दिली जाते. तिथेही डायरेक्शनल कपलरवरून फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड पाहतात, आणि परतणारी पॉवर ॲम्प्लिफायरवर येऊ नये म्हणून सर्क्युलेटर तिला बाजूच्या लोडकडे वळवतो.

वही

तारीख, फ्रीक्वेन्सी, फॉरवर्ड, रिफ्लेक्टेड, मीटर शॅकमध्ये होतं की वर, आणि हवा कोरडी की पावसाची, एवढे रकाने पुरेत. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा मोजा. पावसाळ्यानंतर रिफ्लेक्टेड वाढली तर कनेक्टर तपासाल हे ठीकच, पण ती आपोआप कमी झाली असेल तर आधी काळजी करा. केबलमध्ये पाणी शिरलं की तोटा वाढतो आणि परतणारी पॉवर वाटेतच जिरते. वरचा पीएल-२५९ कनेक्टर उघडून जाळी हिरवी-काळी पडलीय का बघा. पडली असेल तर स्वच्छ, चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापत जा, नवा कनेक्टर बसवा, त्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि वरून साधी काळी टेप लावा. मग केबलचा तोटा पुन्हा मोजा. वहीतल्या जुन्या आकड्यापेक्षा एक डीबीहून जास्त फरक राहिला असेल तर पाणी आत बरंच दूर गेलंय, ती केबल बदला.